जाह्नवीचे मौन आणि लक्ष्मीबाईंची वाणी

१

वाङ्मयाच्या इतिहासात काही घरे अशी असतात की, त्यांतून जो निघून गेला त्याची नोंद ग्रंथांनी घेतली आणि जी मागे राहिली तिची नोंद घेण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. कलकत्त्याच्या दक्षिण अंगास, टॉलीचा नाला हुगळीला मिळतो त्या बाजूला, खिदिरपूर नावाची वस्ती आहे. १८९२ मध्ये तेथे गोदी सुरू झाली आणि पुढे ह्या नावाबरोबर जहाजे, खलाशी व मालाच्या वखारी ह्यांचेच चित्र डोळ्यांपुढे येऊ लागले. परंतु त्याच्या अर्धशतक आधी खिदिरपूर ही कलकत्त्यातील सुखवस्तू मध्यमवर्गाची एक वस्ती होती. रंगलाल आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय ह्या दोघा कवींचा तिच्याशी संबंध होता. आणि सदर दिवाणी अदालतीतील वकील राजनारायण दत्त ह्यांचे घरही येथेच होते. ह्या घरातील मधुसूदन नावाचा मुलगा ९ फेब्रुवारी १८४३ रोजी ख्रिस्ती झाला. तो त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता.

मधुसूदनाचे पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. बिशप्स कॉलेज, मद्रास, 'द कॅप्टिव्ह लेडी' हे १८४९ मधील इंग्रजी काव्य, १८५६ मधील पुनरागमन, १८६१ मधील 'मेघनादवध', १८६२ मधील 'वीरांगना', व्हर्सायमधील दारिद्र्य, विद्यासागरांनी पाठविलेले पैसे आणि २९ जून १८७३ रोजी आलेला अंत, हा सारा प्रवास चरित्रकारांनी बारकाईने मांडला आहे. मागे राहिलेल्या आईविषयी मात्र त्यांच्याजवळ फार थोडे आहे. तिचे नाव जाह्नवी. रामायण-महाभारताच्या कथा मधुसूदनाने प्रथम ऐकल्या त्या तिच्या तोंडून. त्याच्या पाठचे दोन मुलगे बालपणीच दगावले होते. तिसरा, म्हणजे वस्तुतः पहिला आणि एकुलता उरलेला, जिवंत असूनही घराला पारखा झाला. वारस हवा म्हणून पतीने पुढे आणखी विवाह केले. १८५१ च्या सुमारास, मुलगा मद्रासेस असताना, ती निवर्तली.

एवढेच. पुत्राच्या धर्मांतरानंतरची ती सात-आठ वर्षे त्या घरात कशी गेली, ती जेवत होती की नाही, तिला झोप येत होती की नाही, सवती घरात आल्यावर तिच्याशी कोण बोलत होते, ह्यांपैकी कशाचेही उत्तर कागदावर नाही. पुत्रवियोगाने खंगून ती गेली, ह्या अर्थाचे एक वाक्य लिहिले की चरित्रकाराचे कर्तव्य संपते. 'खंगणे' हा शब्द सोयीचा आहे. त्यात दुःखही येते आणि दुखणेही येते. आणि दोहोंपैकी कशाचाही शोध घेण्याची गरज उरत नाही.

प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न ह्या एका शब्दाशी निगडित आहे. दुःख आणि मनाचा आजार ह्यांतील सीमारेषा ओळखणे हे वैद्याचे काम आहे असे म्हणून वाङ्मय बाजूला होऊ शकत नाही. कारण आजारी मनाच्या माणसाशी घरातली माणसे कसे बोलतात, हे पुष्कळ अंशी त्यांनी ऐकलेल्या कथा-कवितांनी ठरविलेले असते. तेव्हा भारतीय भाषांतील वाङ्मयाने ह्या माणसांना काय शिकविले, हा टीकेचाच प्रश्न आहे.

२

मधुसूदनाच्या काव्यात शोकाकुल मातांची जी चित्रे आहेत, त्यांतील दोन ह्या दृष्टीने फार बोलकी आहेत. पहिले 'मेघनादवधा'च्या आरंभीच्या सर्गातील चित्रांगदेचे. वीरबाहू रणात पडला आहे. त्याची आई चित्रांगदा ही रावणाच्या अनेक राण्यांपैकी एक, पट्टराणी नव्हे. ती दरबारात येते आणि एखादी ठेव परत मागावी तशी आपल्या मुलाची मागणी करते. रावण तिचे सांत्वन करतो. त्याच्या सांत्वनात दोन गोष्टी आहेत. तुझे दुःख एका पुत्राचे आहे, माझ्या छातीवर शेकडो पुत्रांच्या शोकाचा भार आहे, ही एक. तुझा पुत्र देशासाठी पडला, तू वीरमाता आहेस, तेव्हा तुला रडणे शोभत नाही, ही दुसरी.

विषण्ण माणसाला घराघरांतून जे ऐकविले जाते त्याचा इतका अचूक नमुना अन्यत्र क्वचितच आढळेल. 'लोकांना ह्याहून मोठी दुःखे असतात' आणि 'तुला काय कमी आहे, अभिमान वाटला पाहिजे' ही दोन वाक्ये रावणाने महाकाव्याच्या भाषेत उच्चारली आहेत, एवढाच फरक. मधुसूदनाचे सामर्थ्य असे की, त्याने चित्रांगदेला ह्या सांत्वनाने शांत होऊ दिलेले नाही. ती उलट विचारते की, हे युद्ध देशासाठी आहे काय? राघव लंकेचे सिंहासन घ्यायला आला आहे काय? ज्याच्या कर्माने हे ओढवले त्याने वीरत्वाच्या गोष्टी सांगाव्यात ह्यातील विसंगती ती उघडी करते. मग ती रडतच अंतःपुरात परत जाते, आणि काव्य तिला विसरून युद्धाकडे वळते. सांत्वन नाकारण्याचा अधिकार कवीने तिला दिला. सोबत मात्र दिली नाही.

दुसरे चित्र 'वीरांगना' काव्यातील अखेरच्या पत्राचे. ऑव्हिडच्या धर्तीवर पौराणिक स्त्रियांनी लिहिलेली अकरा पत्रे ह्या काव्यात आहेत. अकरावे जनेचे, पती नीलध्वजास. तिचा पुत्र प्रवीर अर्जुनाच्या हातून मारला गेला आहे आणि राजा त्याच अर्जुनाचा पाहुणचार करीत आहे. जनेचे पत्र क्रोधाने सुरू होते, उपहासाने तापत जाते आणि शेवटी एका निश्चयाशी येऊन थांबते: ती गंगेत देह टाकणार आहे. ह्या पत्राला उत्तर नाही. काव्यप्रकारच असा की उत्तराला जागा नाही.

जाह्नवी हे गंगेचेच नाव आहे. कवीच्या आईचे नाव आणि जनेने निवडलेले मरण ह्यांचा मेळ घालून कवीच्या अपराधी अंतःकरणाचे सिद्धांत उभारण्याचा मोह टीकाकाराला होणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे. काव्यातील माता ही कवीची माता नव्हे, आणि अशा समीकरणाने काव्यही कळत नाही व माताही कळत नाही. परंतु एक गोष्ट निःसंशय म्हणता येईल. जिचे बोलणे कोणी ऐकत नाही अशा स्त्रीचा आवाज पकडण्याची विलक्षण शक्ती ह्या कवीजवळ होती, आणि त्या आवाजाला उत्तर देणारा आवाज मात्र त्याच्या काव्यसृष्टीत नव्हता.

ह्याचा दोष एकट्या कवीकडे जात नाही. परंपरेने शोकाला करुणरसाचे स्थान दिले आणि त्या रसाची सिद्धी सहृदयाच्या आस्वादात पाहिली. शोक हा स्थायीभाव. तो रसिकाच्या चित्तात आनंदमय होतो. सिद्धांत म्हणून हे बिनतोड आहे. पण त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, शोक करणारी स्त्री ही पाहण्याची आणि आस्वादण्याची वस्तू ठरली. तिचे काही करावयाचे असते हा विचार रसचर्चेच्या कक्षेतच आला नाही. वाङ्मयाने शोक सुंदर केला, आणि जे सुंदर झाले त्यावर उपाय शोधावा असे कोणास वाटले नाही. तो सुंदर करण्यात वाङ्मयाची चूक नव्हती. सौंदर्यापाशी थांबणारी टीका मात्र चुकली.

३

आता ह्याच घटनेची दुसरी बाजू मराठीत पाहावयास मिळते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मधुसूदनाच्या धर्मांतरास बावन्न वर्षे आणि एक दिवस लोटल्यावर, नारायण वामन टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. तेही कवी, तेही मनस्वी, उधळे, घर सोडून निघून जाणारे. मागे राहिली ती पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दत्तू. खिदिरपूरच्या घरात जे घडले ते नाशिक-जलालपूरच्या परिसरात पुन्हा घडले, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की, ह्या वेळी मागे राहिलेल्या स्त्रीने पुढे स्वतःच लिहिले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या.

'स्मृतिचित्रां'चे कौतुक मराठी टीकेने मनापासून केले आहे. त्यातील प्रसन्न विनोद, निर्व्याज भाषा, संवादांतील जिवंतपणा ह्यांवर पुष्कळ लिहिले गेले. पण हे पुस्तक मनाच्या आजारांचे आणि त्यांच्याशी झालेल्या घरगुती व्यवहाराचे मराठीतील एक मौलिक दप्तर आहे, ह्या अंगाने त्याचा विचार फारसा झालेला नाही. वास्तविक पुस्तकाचा आरंभच अशा एका प्रकरणाने होतो. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, १८५७ च्या बंडात फाशी झाली आणि त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला तो कधी सुटलाच नाही. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालेना; त्याच्या पायी बायको-मुलांचा जीव मेटाकुटीस आला. हे सारे लक्ष्मीबाई हसत सांगतात. परंतु हसत सांगताना त्या तीन गोष्टी अचूक टिपतात: ध्यासाची सुरुवात कशाने झाली, त्याचे रोजचे स्वरूप कसे होते, आणि त्याचा भार घरातील कोणाच्या अंगावर पडला. मनोविकाराचे वर्णन करणाऱ्याने ह्याहून अधिक काय सांगावे? धर्माचरणाच्या आवरणाखाली एक भयग्रस्त मन आहे, हे त्यांनी संज्ञा न वापरता दाखविले. आणि त्या मनाची निंदाही केली नाही.

टिळकांच्या धर्मांतरानंतरचा स्वतःचा काळ त्यांनी त्याच हाताने लिहिला आहे. त्या भ्रमिष्टासारख्या झाल्या, खचल्या, आजारी पडल्या. येथे करुणरसाला केवढे तरी आवाहन होते. पण लक्ष्मीबाईंचे लक्ष स्वतःच्या दुःखाच्या भव्यतेकडे जात नाही. ते आजूबाजूच्या माणसांकडे जाते. कोण काय बोलले, कोणाच्या बोलण्याने जखम झाली, कोणी मुकाट्याने शेजारी बसून राहिले, कोणी जेवू घातले. बहीण भिकूताई आणि तिचे यजमान नानासाहेब पेंडसे ह्यांनी त्यांना घरात घेतले. त्या घराने रावणासारखे सांत्वन केले नाही. मोठी वाक्ये तेथे कमी आहेत. अंथरूण, ताट, मुलाची देखभाल आणि सोबत ह्याच गोष्टी तेथे दिसतात. आणि पुढे, पतीकडे जाण्याचे ठरल्यावरही, लक्ष्मीबाईंना वेळ मिळाला. टिळकांबरोबर राहू लागल्यानंतरही काही काळ त्यांचा स्वयंपाक वेगळा, सोवळे वेगळे होते. टिळकांनी घाई केली नाही. १९०० मध्ये त्यांनी दीक्षा घेतली ती स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने.

येथे एक आक्षेप संभवतो. विनोद हे दुःखाचे झाकणही असू शकते. ज्या स्त्रीला रडण्याची मुभा नव्हती तिने हसण्याची वाट धरली, आणि मराठी वाचकाने त्या हसण्यावर खूष होऊन आतल्या यातनेकडे डोळेझाक केली, असे म्हणता येईल. शिवाय हे लेखन घटनेनंतर तीन-चार दशकांनी झालेले आहे. काळाने धार बोथट केलेली असणार. आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करावा लागतो. स्मृती ही नोंदवही नव्हे. पहिल्या भागाला उत्तर असे की, झाकणारा विनोद तपशील टाळतो आणि लक्ष्मीबाईंचा विनोद तपशील वाढवितो. ज्या प्रसंगी त्या हसतात त्या प्रसंगीच वाचकाला खोलीतील माणसे, त्यांचे चेहरे, त्यांचा अवघडलेपणा स्पष्ट दिसू लागतो. ह्या विनोदाने दुःख लहान होत नाही. ते चार माणसांत मांडता येण्याजोगे होते. आणि मनाच्या दुखण्यात पुष्कळदा पहिली अडचण तीच असते.

जाह्नवी आणि लक्ष्मीबाई ह्यांच्या नशिबातील अंतर ह्यावरून समजते. लक्ष्मीबाई अधिक खंबीर होत्या म्हणून वाचल्या आणि जाह्नवी दुर्बळ होती म्हणून खंगली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. एकीला बहिणीचे घर मिळाले, अक्षरओळख मिळाली, परत येणारा पती मिळाला. दुसरीला ह्यांतील काय मिळाले ह्याची नोंदही नाही. मनाचे बळ म्हणून ज्याचा गौरव होतो ते अनेकदा शेजारच्या माणसांचे बळ असते.

४

मातेच्या मनाचा विचार करताना गर्भारपण आणि बाळंतपण ह्यांकडे वळणे अपरिहार्य आहे. मराठी संस्कृतीने गर्भिणीच्या मनाची दखल घेतलीच नाही असे मुळीच नाही. 'डोहाळे' हा शब्दच त्याचा पुरावा आहे. सुश्रुताने सांगितले की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि स्त्री द्विहृदया होते. तिच्या इच्छा म्हणजे 'दौहृद'. दोहद आणि डोहाळे ही त्याच कुळातील शब्दपरंपरा. गर्भिणीच्या इच्छा पुरवाव्यात हा दंडक केवढा सहृदय! पण सुश्रुत कारणही देतो. इच्छा मोडली तर अपत्य कुबडे, लंगडे, जड निपजेल. म्हणजे आईच्या मनाची काळजी अपत्यासाठी. डोहाळजेवणातील फुलांची वाडी, झोपाळा, हिरवी साडी ह्या सर्वांमागे हेच गणित आहे, आणि म्हणूनच मूल जन्मताच ते सारे कौतुक पाळण्याकडे जाते. बाळंतिणीच्या अंगाला तेल लागते, शेकशेगडी होते, डिंकाचे लाडू येतात; तिच्या दुसऱ्या हृदयाचे आता स्वतंत्र बारसे होते, पण पहिल्या हृदयाचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. ती रडू लागली तर दृष्ट काढली जाते. ती मुलाकडे पाहीना तर बाहेरची बाधा ठरते. आनंदाच्या प्रसंगी दुःख होणे ही कृतघ्नता समजली जाते, आणि ह्या एका समजुतीने किती तोंडे बंद झाली असतील ह्याची गणती नाही.

ज्या हुगळीच्या काठी खिदिरपूर आहे त्याच हुगळीच्या काठी, थोड्या वरच्या अंगाला, श्रीरामपूर आहे. तेथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी एका मराठी तरुणीने आपण अमेरिकेस का जात आहोत हे जाहीर सभेत सांगितले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात ती कलकत्त्याहून जहाजाने निघाली. आनंदीबाई जोशी ह्यांना तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयाचे मूळ ह्या आघातात शोधण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांनी प्रबंध सादर केला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. पण येथेही चरित्राची गती पाहण्याजोगी आहे. मृत अर्भक आणि पहिली मराठी स्त्री डॉक्टर ह्यांमध्ये एक मुलगी होती. तिची छाती दुधाने दाटली असेल, तिला रात्री जाग आली असेल, हा भाग प्रेरणेच्या कथेत गळून गेला. दुःखाचे कर्तृत्वात रूपांतर झाले की दुःखाला मान मिळतो. ज्यांच्या दुःखातून काहीच निपजत नाही त्या असंख्य स्त्रियांना ह्या कथांत जागा नाही.

आज ह्या विषयातील ज्ञान कितीतरी पुढे गेले आहे, आणि टीकेने ते डोळ्याआड करू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात येणारा रडवेपणा बहुतेकींना होतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. त्याहून लांबणारा, झोप, भूक व मुलाविषयीची ओढ हिरावून घेणारा विषाद हा आजार आहे. दर हजार बाळंतपणांत एक किंवा दोन स्त्रियांना तीव्र चित्तभ्रम होतो. तो तर तातडीने उपचार करण्याचा प्रसंग होय, आणि ज्यांना पूर्वी उन्माद-विषादाचे झटके आले आहेत त्यांना त्याचा धोका अधिक असतो. १८५८ मध्ये फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से ह्याने गर्भिणी, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया ह्यांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे 'मेघनादवध' लिहिले जात होते त्या सुमारास युरोपात तरी हा विषय करुणरसाच्या बाहेर आला होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या गोव्यातील पाहणीत, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना विषादाचा आजार आढळला. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गर्भारपणातच मनाने आजारी होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे ही त्याची ठळक कारणे निघाली. २०१७ मध्ये भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्र विचार झाला तेव्हा हे प्रमाण सुमारे २२ टक्के भरले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. पाळण्याभोवती गाणी म्हणणाऱ्या बायकांत हे ठाऊक नसलेली कोणीच नसेल. ते बोलण्याची भाषा मात्र नव्हती.

उपायांविषयीचा एक अनुभव साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाकिस्तानातील रावळपिंडी भागातील प्रयोगात, गावोगाव फिरणाऱ्या सामान्य आरोग्यसेविकांना विषण्ण मातांशी कसे बोलावे, त्यांचे कसे ऐकावे, घरच्यांना कसे सामील करून घ्यावे एवढे शिकविण्यात आले. सहा महिन्यांनी त्यांच्याकडील मातांपैकी २३ टक्के आजारी राहिल्या. जेथे नुसत्याच भेटी झाल्या तेथे ५३ टक्के. औषधांची गरज ज्यांना असते त्यांना असतेच, आणि गर्भारपणाच्या भीतीने ती आपल्या मनाने बंद करणे घातक ठरते. तो निर्णय वैद्याबरोबरच घ्यावयाचा. पण भिकूताईच्या घराने जे शास्त्र न जाणता केले त्याला शास्त्राने ह्या प्रयोगात पुष्टी दिली. कायदाही ह्या दिशेने सरकला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये असे ठरविले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करता तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. जनेच्या पत्राला दीडशे वर्षांनंतर आलेले हे एक रुक्ष, पण खरे उत्तर आहे.

५

ह्या सर्वांतून टीकेने काय घ्यावे? पहिली गोष्ट निषेधाची आहे. मृत कवींना रोगांची नावे चिकटविण्याचा उद्योग टीकेने करू नये. मधुसूदनाची उधळपट्टी, त्याचे उंच मनोरथ आणि खोल निराशा, त्याचे मद्यपान. किंवा टिळकांचे एका क्षणी सर्वस्व देऊन टाकणे आणि दुसऱ्या क्षणी संतापणे. ह्यांवरून आधुनिक संज्ञांची यादी जुळविता येईल. पण रोगनिदान हे समोरच्या माणसाच्या मदतीसाठी असते. मृताला त्याचा उपयोग नाही, काव्याला त्याने अर्थ येत नाही, आणि जिवंत रोग्यांच्या मनात मात्र एक भलती समजूत रुजते: हा आजार म्हणजे प्रतिभेची किंमत आहे, तो बरा करणे म्हणजे प्रतिभा गमावणे आहे. ही रम्य कल्पना फार महाग पडलेली आहे.

दुसरी गोष्ट विधायक आहे. कोणत्याही कृतीत विषण्ण मनाचे चित्र आले की, ते किती हृदयद्रावक आहे एवढेच न विचारता, त्या मनाशी कृतीतील इतर माणसे काय करतात हेही विचारले पाहिजे. चित्रांगदेचे दुःख थोर आहे की नाही ह्यापेक्षा रावणाचे सांत्वन का फसते, हा प्रश्न काव्याच्या गाभ्याकडे अधिक लवकर नेतो. 'स्मृतिचित्रे' किती प्रसन्न आहेत ह्यापेक्षा त्यातील प्रसन्नता कोणाच्या आधारावर उभी आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या 'कासव' ह्या मराठी चित्रपटास २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कोकणच्या किनाऱ्यावर एका खचलेल्या तरुणाला सावरणारी स्त्री त्याला उपदेश करीत नाही, चौकशीचा भडिमार करीत नाही. कासवाने पाठीखालून डोके बाहेर काढेपर्यंत थांबावे तशी ती थांबते. लक्ष्मीबाईंच्या गद्यातून निघालेला प्रवाह मराठीत अजून आटलेला नाही, असे ह्यावरून म्हणता येते.

तिसरी गोष्ट अशी की, मौनाचेही वाचन करावे लागते. जाह्नवीविषयी काही सांगता येत नाही हे मान्य करणे म्हणजे तिला विसरणे नव्हे. चरित्रात जेथे 'खंगली' असा एक शब्द टाकून लेखक पुढे जातो तेथे वाचकाने क्षणभर थांबावे. तिच्या जागी कल्पित करुणकथा रचू नये, आणि ती जागा रिकामी आहे हेही विसरू नये. मधुसूदनाच्या काव्यातील स्त्रियांना उत्तर मिळाले नाही. त्यांना पहिल्या कथा सांगणाऱ्या स्त्रीला तर प्रश्नही मिळाला नाही. खिदिरपूरच्या त्या घरात कोणी तिच्यापाशी बसून, तुला बरे वाटते ना, एवढे विचारले होते की नाही, हे आता कधीच कळणार नाही. पण जी घरे आज उभी आहेत, ज्यांत आज पाळणा हलतो आहे किंवा एखादे तरुण माणूस भिंतीकडे तोंड करून पडले आहे, तेथे तो प्रश्न विचारला जाईल की नाही, हे अजून ठरावयाचे आहे. आणि ते ठरविण्यात वाङ्मयाचा वाटा लहान नाही.